सोलापूरच्या उन्हाने चुंबक मरतो का?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर एमआयडीसीत माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. पूर्वी फक्त यंत्रमागाच्या मोटारी येत, आता इलेक्ट्रिक स्कूटरच्या हब मोटारीही येतात. काहींचे वाइंडिंग शाबूत असूनही जोर गेलेला असतो. मे महिन्यात दुसऱ्या मोटारीतील चुंबकपट्टी हँड ग्राइंडरने घासून बसवू गेलो, तर ठिणग्या उडाल्या आणि पट्टी लोखंडाला धड चिकटेनाशी झाली. हा आमच्याकडच्या उन्हाचा परिणाम की मालच खराब? आणि अशा पट्ट्या सोलापुरात का बनू नयेत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उन्हाला दोष देण्याआधी ग्राइंडरकडे पाहावे लागेल. या पट्ट्या निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूच्या असतात. साध्या ग्रेडची पट्टी साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची असते, आणि ३१० अंशांच्या आसपास तिचे चुंबकत्व पूर्णपणे जाते. सोलापूरचे ४३-४४ अंश तिला सहज सोसतात. मात्र अशा दुपारी जादा ओझे घेऊन चढ चढणाऱ्या चाकातील मोटार आतून किती तापते, हे आपण हात लावून अनुभवले असेलच. म्हणून मोटारीसाठी उष्णता सोसण्याची ताकद वाढवणारे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम हे धातू घातलेले, १५० अंश वा त्याहून अधिक सोसणारे ग्रेड वापरतात. साधा ग्रेड बसवलेला असेल, तर वाइंडिंग कितीही चांगले असले तरी जोर परत येणार नाही.

ठिणग्यांचे कारण या मालाच्या घडणीतच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे हा चुंबक विकसित केला. सागावा यांच्या पद्धतीत वितळलेल्या मिश्रधातूचे पातळ पापुद्रे पाडून, ते हायड्रोजनने भुसभुशीत करून, तीन ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके बारीक दळतात. या भुकटीला हवा लागली तर ती आपोआप पेट घेऊ शकते, त्यामुळे सारे काम ऑक्सिजन दूर ठेवून करावे लागते. मग प्रबळ चुंबकीय क्षेत्रात भुकटी दाबतात, कारण प्रत्येक कणाचे तोंड एकाच दिशेला वळले तरच पुढे जोर मिळतो, आणि निर्वात भट्टीत हजार अंशांहून अधिक तापमानाला तिचा ठोकळा घट्ट करतात. हिऱ्याच्या चाकाने पाणी सोडत कापणे, गंज टाळण्यासाठी निकेल-तांब्याचा मुलामा देणे आणि अगदी शेवटी विजेचा एक जबर झटका देऊन चुंबकत्व भरणे, हा त्यानंतरचा क्रम आहे. आपण कोरड्या ग्राइंडरने चुंबकत्व भरलेली पट्टी घासली तेव्हा अशीच बारीक भुकटी निघून ठिणग्या उडाल्या, पट्टी तापून तिचा जोर गेला आणि मुलामाही उडाला. तिचे ओलाव्यापासूनचे रक्षणही संपले.

आता दुसरा प्रश्न. कच्चा माल आपल्याकडे नाही, हा समज चुकीचा आहे. ओडिशा आणि केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे निओडिमियम असलेले खनिज आहे, आणि छत्रपूर व अलुवा येथे आयआरईएल ही सरकारी कंपनी त्यावर काम करते. मात्र त्यात डिस्प्रोसियम फार थोडे असते. विशाखापट्टणम येथे वर्षाला ३,००० किलो क्षमतेचा प्रकल्प आहे, पण तो समेरियम-कोबाल्ट या वेगळ्या प्रकारच्या चुंबकांचा आहे. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून पट्टी ही मधली साखळी आपल्याकडे तोकडी आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (निओडिमियम, डिस्प्रोसियम ज्या गटात येतात त्या गटातील) निर्यातीवर नियंत्रण आणले तेव्हा वाहन उद्योगाला या साखळीची उणीव जाणवली. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्याची क्षमता उभारणे हे तिचे उद्दिष्ट आहे. दुकानाच्या कोपऱ्यात हे होणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

आपल्या हाती आहे ते असे की नवी पट्टी मापाने तयार आणि ग्रेड विचारूनच घ्यावी, आणि चिकटवण्यापूर्वी उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतात की नाही हे तपासावे. काढलेल्या पट्ट्या लोखंडाच्या भावाने भंगारात देऊ नयेत. त्यांच्या वजनाचा सुमारे ३० टक्के भाग दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा असतो.