गाडीत लॅपटॉप उघडताना

प्रश्न : मी आठवड्यातून तीनदा डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाते. पगाराच्या याद्या गाडीतच तपासते. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "तुमच्याकडे एवढा पगार देतात?" तेव्हापासून धास्ती बसली आहे. काय करू?

उत्तर : ताई, पगाराची यादी गाडीत उघडूच नका. तो दुसऱ्यांचा ऐवज आहे, तुमच्याकडे विश्वासाने सोपवलेला. इतर कामासाठी स्क्रीनला प्रायव्हसी फिल्टर लावा, म्हणजे बाजूच्या माणसाला नुसतं काळं दिसतं. मात्र बरोबर मागे उभा असलेला सगळं वाचू शकतो, म्हणून पाठ भिंतीकडे असेल अशी जागा मिळाली तर उत्तम. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते. स्टेशनच्या फुकट वायफायपेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा.

पण मला जास्त काळजी वाटते ती फोनची. एकदा खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांमुळे आवाज तुटत होता, म्हणून माझ्यासमोरच्या गृहस्थांनी टेंडरचा आकडा तीनदा मोठ्याने सांगितला, तोही ग्राहकाच्या नावासकट. तो आकडा मला आजही आठवतो. तुम्हाला असा फोन आला तर "दादरला उतरून करते" एवढंच सांगा आणि ठेवून द्या.

आणि हो, काकांनी यादी पाहिली ही गोष्ट आजच साहेबांच्या कानावर घाला. ओरडा बसेल, बसू दे. उशिरा दुसऱ्याकडून कळलं तर जास्त जड जाईल.