बीच (beech) वृक्षांच्या जंगलात वनस्पती पाहायला जाताना

जुलैत जाऊन ‘इथे काही उगवतच नाही’ असं ठरवू नका. मध्य युरोपातल्या बीचच्या जंगलात जमिनीवरचा खरा बहर मार्च-एप्रिलचा. एप्रिलअखेरीस बीचला पालवी फुटते, वरचं छत मिटतं आणि खाली फारच थोडा प्रकाश उरतो. त्याआधीच वुड ॲनिमोनीची पांढरी फुलं उमललेली असतात, आणि उन्हाळ्यात तिची पानंसुद्धा दिसत नाहीत. म्हणून एकच जागा एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये पाहा.

त्याहून महत्त्वाची माती. चुनखडीवर, ओलसर जागी रानलसणीचे गालिचे दिसतील, वुडरफही दिसेल: पेराभोवती सहा ते नऊ पानांचं चक्र, वाळल्यावर गोड वास. आम्लधर्मी जमिनीवर मात्र गवतासारखा लुझुला आणि शेवाळ, एवढंच. भिंगातून लुझुलाच्या पानाच्या कडेचे लांब पांढरे केस जरूर बघा, फार देखणे असतात. इथे जाती कमी म्हणून जंगल बिघडलंय असं समजू नका. त्या मातीवर ते तसंच असतं.

सुरुवातीला जर्मनीतलं हाइनिश उत्तम. चुनखडीवरचं हे बीचवन २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

रानलसूण ओळखताना वासावर विसंबू नका, एकदा हाताला लागला की पुढच्या पानालाही तोच येतो. जवळपास तशाच पानांची, पण विषारी लिली ऑफ द व्हॅलीही याच जंगलांत वाढते. रानलसणीचं प्रत्येक पान स्वतंत्र देठावर येतं. लिलीची दोन-तीन पानं एकाच दांड्यावर असतात.