निवट्या बघत बसणाऱ्या मुलीच्या बाबांना

दापोली तालुक्यातल्या एका गावातून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं. घरच्यांना वाटतं तिने डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा द्यावी. तिला मात्र समुद्रातले जीव बदलत कसे गेले हे शिकायचंय. ‘रविवारी खाडीवर जाते आणि दोन-दोन तास निवट्या, म्हणजे चिखलात सरकणारे ते छोटे मासे, बघत बसते. तिची आजी म्हणते, निवटीचं कालवण करायचं असतं, बघायचं काय त्यात? यात पुढे पोट भरेल का, एवढंच सांगा,’ असं बाबा लिहितात. पत्राखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात जोडलंय: ‘निवटीला चिखलात राहायचं होतं म्हणून तिने हवेतून श्वास घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या माशांना हे का नाही जमलं, ते मला शोधायचंय.’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच. पण आधी मुलीच्या या दोन ओळींशी बोलते, कारण तुम्हाला द्यायचं उत्तर मला त्यातूनच मिळालं.

बाळा, तुझी दुसरी ओळ वाचून मला फार बरं वाटलं. पहिल्या ओळीत मात्र एक चूक आहे. मी एकवीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि ही चूक पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पेपरातही बघितली. ‘राहायचं होतं म्हणून’ असं निसर्गात होत नाही. कुठल्याही माशाला मनात आणून कल्ल्यांचं काम कातडीवर सोपवता येत नाही. झालं असेल ते असं: फार फार पिढ्यांपूर्वी खाडीकाठच्या माशांमध्ये काही पिल्लं जन्मतःच जरा वेगळी होती. कुणाच्या कातडीतून प्राणवायू थोडा जास्त शोषला जायचा, कुणाच्या कल्ल्यांच्या पोकळीत पाणी जरा जास्त वेळ टिकायचं. ओहोटीला चिखलात अडकल्यावर त्यातली जास्त जगली, आणि त्यांची पिल्लंही जास्त जगली. असं हजारो पिढ्या होत राहिलं. आज तुझ्यासमोर पुढच्या परांवर टेकत सरकणारी निवटी आहे. ती तोंडाच्या आतल्या अस्तरातून आणि ओल्या कातडीतून श्वास घेते, म्हणून मधूनमधून चिखलात लोळते. आता गेलीस की तिचे डोळे बघ. डोक्यावर वर आलेला डोळा मधेच खाली खोबणीत जातो, ओला होतो आणि पुन्हा वर येतो.

आधी फरक असतो, मग निवड होते. हा क्रम डोक्यात पक्का बसला की अर्धं उत्क्रांतिशास्त्र बसलं असं मी मानते.

याचं डोळ्यांदेखत घडलेलं एक उदाहरण अलास्कातलं आहे. तिथे लोबर्ग नावाचं एक तळं आहे. १९८२ साली हौशी मासेमारीसाठी दुसरे मासे सोडायचे म्हणून त्यातले सगळे मासे विष घालून मारले. पुढच्या काही वर्षांत समुद्रातून स्टिकलबॅक नावाचे बोटाएवढे मासे ओढ्याच्या वाटेने तळ्यात शिरले. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या दोन्ही कुशींवर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. १९९० मध्ये तळ्यातले मासे तपासले तेव्हा जवळजवळ सगळे चिलखतवाले होते. २००१ पर्यंत चारातले तीन मासे मोजक्याच पट्ट्यांचे झाले होते. हा बदल त्यांनी तळ्यात आल्यावर ‘केला’ नाही. कमी पट्ट्या देणारं जनुकाचं रूप समुद्रातल्या थोड्या माशांत आधीपासून लपलेलं होतं. गोड्या पाण्यात ते फायद्याचं ठरलं आणि वाढत गेलं.

आता याच्या उलट बाजूचं एक. खडकावर आणि होडीच्या बुडाला चिकटणारे, टोक कापलेल्या शंकूसारखे, पाय कापणारे पांढरे बार्नकल तू रोज बघतेस. दिसायला शिंपल्यांचे नातेवाईक, पण आहेत खेकडा-कोळंबीच्या कुळातले. पिल्लू असताना पोहतात, मग डोक्याने खडकाला चिकटतात आणि उरलेला जन्म पायांनी पाण्यातलं अन्न ओढतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अभ्यासकांना दिसलं की शांत पाण्यातल्या बार्नकलचे पाय लांब असतात आणि लाटांच्या माऱ्यातल्यांचे आखूड. मग त्यांनी बार्नकल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले. कात टाकल्यावर त्याच बार्नकलला नव्या पाण्याला साजेसे पाय आले. म्हणजे एकाच जिवाच्या आयुष्यात होणारा बदलही खरा असतो. फक्त त्याला उत्क्रांती म्हणायचं नाही. मराठीत आपण दोन्हीला ‘अनुकूलन’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नकलवर घालवली. त्याला सगळ्यात जास्त छळलं ते हेच: एकाच जातीचे दोन नमुने कधी हुबेहूब सारखे नसत.

आता बाबा, तुमच्याशी. पोट भरेल. पण उशिरा भरेल, आणि ते मी लपवणार नाही.

लवकर नोकरी हवी असेल तर तुमच्याच जिल्ह्यात शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी. पुढे कोळंबी संवर्धन, बीज उत्पादन, मासळी प्रक्रिया आणि निर्यात, शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग. हे चांगलं शिक्षण आहे, माझे कितीतरी विद्यार्थी त्यातून मार्गी लागले. पण तुमच्या मुलीचा प्रश्न मासे वाढवायचे कसे, हा नाही. मासे असे का झाले, हा आहे. त्यासाठी मूळ जीवशास्त्राचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

त्या रस्त्यावर समुद्र नंतर येतो. आधी तीन-चार वर्षं प्राणिशास्त्राची साधी, भक्कम पदवी घेऊ दे. पेशी, जनुकशास्त्र, शरीरक्रिया. समुद्रातला हाडांचा मासा घ्या. त्याच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. तळ्यातल्या माशाचं नेमकं उलट. हे समजायला पेशीचं पटल कळावं लागतं, पाणबुड्याचा पोशाख लागत नाही. म्हणून बारावीनंतर लगेच ‘मरीन बायोलॉजी’ नाव असलेल्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी वाट पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेची, पाच वर्षांची बी.एस.-एम.एस. ही एकत्रित पदवी. त्यांच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणिताकडे तिने पाठ फिरवू नये. पुढेही संख्याशास्त्र सुटणार नाही, लोबर्गचे मासे शेवटी कुणीतरी वर्षानुवर्षं मोजलेच ना! ‘नीट’ द्यायची तर देऊ दे, अभ्यास बराचसा तोच आहे. फक्त त्यासाठी वर्ष मात्र घालवू नका.

पदव्युत्तरला समुद्र येईल: गोवा विद्यापीठ, कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट), किंवा तमिळनाडूत परांगीपेट्टईला अन्नामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र. मग ‘नेट’ ही संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. फेलोशिप मिळाली की पीएच.डी. करताना २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे तेव्हापासून ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. तोवर ती तेवीस-चोवीसची असेल. पीएच.डी.नंतर गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, विद्यापीठं, वन विभागाचा कांदळवन कक्ष, बंदरांसाठी पर्यावरण पाहणी करणाऱ्या कंपन्या. जागा मोजक्या, स्पर्धा आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा प्रश्न असतो ते या रस्त्यावर टिकतात. ज्यांना फक्त समुद्र आवडतो ते बहुतेक मध्येच थकतात, हे मी जवळून बघितलंय. तुमच्या मुलीकडे सतराव्या वर्षी प्रश्न आहे.

तिच्यासाठी आत्तापासूनचं एक काम. गावातला एकच खडक निवडायचा आणि वर्षभर अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या मोठ्या ओहोटीला तिथे जायचं. वेळ आजीला विचार. तिथीची पाऊणपट म्हणजे भरती, हा हिशेब त्यांना माहीत असेल. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. खडकाच्या वरच्या कोरड्या भागात कोण, मध्ये कोण, खाली शेवाळात कोण, हे वहीत काढायचं. प्रत्येक पट्ट्यात वीतभर चौकोन आखून बार्नकल मोजायचे. दर महिन्याला त्याच जागी.

पहिल्या वेळी बाबा, तुम्हीही तिच्याबरोबर जा. पायात जाड तळाची चप्पल घाला. आणि त्या दिवशीच्या वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा, मी तपासून देईन.