पावसाळ्यात वहीतली फुलं काळी का पडतात?

प्रश्न : ताई, मुलीसोबत शुभेच्छापत्रं करायची म्हणून तेरडा, अबोली आणि मोगरा वहीत दाबून ठेवले. आठवड्यात मोगरा काळवंडला, तेरड्याला बुरशी आली. काय चुकलं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वहिनी, खानापूरच्या पावसात कपाटातले कपडेही दमट होतात, तिथं बंद वहीत फूल कसं सुकणार? फुलातलं पाणी कागदानं ओढायला हवं आणि तो ओला कागद बदलायला हवा. वहीच्या गुळगुळीत पानाला ते जमत नाही. वर्तमानपत्राची जाड घडी घ्या, शाई लागू नये म्हणून आत टिश्यू पेपर घाला, वर पाटा ठेवा. पहिले ३-४ दिवस कागद रोज बदलायचा, यात कंटाळा नको. मग २-३ आठवडे हात लावू नका.

फुलं उघडीप पडल्यावर, दुपारी तोडा. तेरड्याचं देठ रसाळ, म्हणून नुसत्या पाकळ्या घ्या. अबोली पातळ, छान सुकते. मोगरा मात्र पांढरा राहत नाहीच. तो गजऱ्यातच शोभतो! त्याऐवजी बोगनवेल घ्या. तिचा रंगीत भाग मुळात पानंच, पाणी कमी, रंगही टिकतो.

सुकलं का, हे ओठाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे, परत दाबा. चिकटवताना फेव्हिकॉल काडीच्या टोकानं, अगदी ठिपक्याएवढा. आणि तयार कार्डं उन्हात ठेवू नका, रंग उडतो.