एक्स-रे क्लीन आहे, मग सीटी कशाला?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे आहेत. विसाव्या वर्षापासून रोज १५ सिगरेटी ओढायचे, ६ वर्षांपूर्वी पूर्ण सोडल्या. त्रास काहीच नाही आणि दरवर्षी छातीचा एक्स-रे काढतो तोही क्लीन येतो. तरी डॉक्टर म्हणतायत लो-डोस सीटी (कमी रेडिएशनचा छातीचा स्कॅन) करा. बाबांचं म्हणणं, सोडली ना आता, उगाच कशाला उकरून काढायचं. रेडिएशनचीही भीती वाटते. मी ३५ ची आहे, कधीच ओढली नाही, मीपण करून घेऊ का?

उत्तर : आधी त्या एक्स-रेचं बोलू, कारण त्यावर तुम्ही सगळे निर्धास्त आहात. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, त्यात दरवर्षी एक्स-रे काढून फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी झाले नाहीत (२०११). छोटी गाठ बरगडीच्या, हृदयाच्या सावलीत सहज लपते हो. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला, ५३ हजार सिगरेट ओढणारे किंवा सोडलेले लोक, निम्म्यांना लो-डोस सीटी, निम्म्यांना एक्स-रे, वर्षातून एकदा असं तीनदा, आणि सीटीवाल्यांत या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी.

आता बाबांचा हिशोब. वीस सिगरेटींचं एक पाकीट धरतात, १५ म्हणजे पाऊण पाकीट, गुणिले ३६ वर्षं, झाले २७ पॅक-इयर. हा सीटी कोणी करावा याचा अमेरिकेतला २०१३ चा नियम किमान ३० पॅक-इयरचा होता, त्यात ते बसले नसते. २०२१ पासून वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि सोडून १५ वर्षं झालेली नसावीत असा आहे, त्यात बाबा आरामात बसतात. सोडल्यावर धोका कमी होत जातो हे खरंच, पण तो लगेच शून्यावर येत नाही. डॉक्टरांचं ऐका.

रेडिएशन साधारण दीड मिलिसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात मिळतं त्याहून कमीच. मला त्यापेक्षा रिपोर्टची जास्त काळजी वाटते, कारण सीटीच्या त्याच अभ्यासात जवळजवळ दर चौथ्या स्कॅनमध्ये काहीतरी सापडलं आणि त्यातलं ९६ टक्के कॅन्सर नव्हतंच. जुन्या टीबीचे, इन्फेक्शनचे डागसुद्धा दिसतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ (छोटी गाठ) वाचून रात्री गुगल करत बसू नका, बारीक असेल तर बहुतेकदा काही महिन्यांनी किंवा वर्षाने परत स्कॅन एवढंच सांगतात, तुकडा काढायला लगेच सुई घालत नाहीत. आणि हो, एकदा करून विषय संपला असं नसतं, हे दरवर्षी करायचं असतं. मध्येच खोकल्यातून रक्त आलं किंवा विनाकारण वजन उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा.

तुम्ही मात्र करू नका. वय कमी, सिगरेट नाही, म्हणजे फायदा जवळपास काहीच नाही आणि असल्या फुकटच्या डागांचा ताप मात्र तेवढाच.

बाबांचा आधी कधी छातीचा सीटी झाला असेल तर त्याची सीडी शोधून सोबत न्या. ठोस डाग दोन वर्षं तसाच असला तर डॉक्टर सहसा सोडून देतात.