सहीच्या सहा प्रिंट्स आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे

प्रश्न : माझं वय ४३. एक मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपते आहे. रक्कम आमच्या चौदा महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. याखेरीज हाताशी मोठी शिल्लक नाही. यातल्या निम्म्या पैशांतून प्रवास आणि डॉक्युमेंटरी छायाचित्रणातल्या सहा सहीच्या प्रिंट्स घ्यायचं मनात आहे. एक थोड्या दिवसांच्या ऑनलाइन विक्रीतली सहा इंची चौकोनी, तीन एकाच छायाचित्रकाराच्या २५च्या आवृत्तीतल्या, एक दिवंगत छायाचित्रकाराची, वारसांच्या शिक्क्याची आणि एक लिलावातली जुनी कृष्णधवल. आठ वर्षांनी मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा त्या विकून खर्च भागवावा, असा हिशेब आहे. ‘आवृत्ती मर्यादित आहे, भाव खाली येत नाही,’ असं गॅलरीवाले सांगतात. घ्याव्यात का?

उत्तर : सहा घेऊ नका. एक घ्या, आणि तिचे पैसे मुलीच्या शिक्षणाच्या हिशेबातून आजच वजा करून टाका.

गॅलरीवाल्यांनी भाव सांगितला तो त्यांच्या विक्रीचा. तुमच्या विक्रीचा हिशेब निराळा असतो. प्रिंट १०० ला घेतली असं धरू. चांगली फ्रेम १५, पाऊण टक्का दराने आठ वर्षांचा विमा ६, विकायच्या वेळी पॅकिंग, वाहतूक आणि कॅटलॉगचा खर्च ४. झाले १२५. लिलावगृह विकणाऱ्याकडून साधारण १० ते १५ टक्के कापून घेतं. १५ धरले, तर हातात १२५ पडायला बोली १४७ वर थांबली पाहिजे. घेणाऱ्यालाही बोलीवर २५ टक्क्यांच्या आसपास अधिभार द्यावा लागतो, म्हणजे त्याच्या खिशातून १८४ जातात. तुम्ही १०० ला घेतलेल्या प्रिंटला कोणीतरी १८४ मोजायला तयार झाला, तर तुमचं मुद्दल सुटलं. भाव वर्षाला जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढावा, तेव्हा तुम्ही शून्यावर! तेच १०० वर्षाला ६ टक्के देणाऱ्या साध्या ठेवीत आठ वर्षांत १५९ होतात. तेवढं प्रिंटमधून सुटायला भाव वर्षाला १३ टक्क्यांहून जास्त वाढायला हवा. महागाई आणि कर मी अजून धरलेलेच नाहीत.

शिवाय तारखेचा प्रश्न आहे. फी भरायचा दिवस पुढे ढकलता येत नाही. छायाचित्रांचे मोठे लिलाव मात्र वर्षातून मोजकेच होतात, वस्तू काही महिने आधी सोपवावी लागते आणि पैसे विक्रीनंतर महिनाभराने येतात. किमान भावाला बोली पोचली नाही तर प्रिंट परत येते, आणि ‘न विकलेली’ ही नोंद पुढच्या खरेदीदाराला ऑनलाइन सहज दिसते. कमी किमतीच्या वस्तू मोठी लिलावगृहं घेतच नाहीत. गॅलरी बहुतेक वेळा परत विकत घेत नाही. विक्रीला ठेवून घेते, तेही तिला जागा असेल तर, आणि कमिशन लिलावापेक्षा जास्त लावते.

आता तुमच्या यादीकडे.

सहा इंची चौकोनी प्रिंट. मॅग्नम या १९४७ साली स्थापन झालेल्या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेने हा प्रकार लोकप्रिय केला. विक्री ठरावीक दिवस चालते आणि तेवढ्या दिवसांत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती छापतात. इथे मर्यादा दिवसांना आहे, प्रतींना नाही. सही खरी असते, छपाई उत्तम असते, फोटो भिंतीवर देखणा दिसतो. गुंतवणुकीच्या रकान्यात मात्र हिला जागा नाही. आवडली तर महिन्याच्या हौसेच्या पैशांतून घ्या.

एकाच छायाचित्रकाराच्या तीन. इथे जरा थांबू, कारण तुमचे बहुतेक पैसे इथेच जाणार आहेत. ५/२५ म्हणजे पंचविसातली पाचवी प्रत. आवृत्ती जशी विकली जाते तसा गॅलरी पुढच्या प्रतीचा भाव चढवते, आणि तो चढता तक्ता ‘किंमत वाढते’ म्हणून तुम्हाला दाखवला जातो. पण तो गॅलरीने स्वतः लिहिलेला दर आहे. त्या दराने कोणी दुसऱ्या हाताने घेतल्याचा तो पुरावा नव्हे. उरलेल्या वीस प्रती गॅलरीच्या कपाटात असेपर्यंत तुम्ही विकायला गेलात, तर तुमची स्पर्धा त्याच गॅलरीशी. ग्राहक तिच्याकडून कोरी प्रत घेईल, तुमची कशाला घेईल? त्या छायाचित्रकाराचं लिलावात आजवर काही विकलं गेलं आहे का, आणि कितीला, हे आधी बघा. एकही नोंद सापडली नाही तर तुमच्या प्रिंटला विक्रीमूल्य नाही असंच धरा.

शिवाय २५ हा आकडा फक्त एका आकाराचा असू शकतो. १६ बाय २० इंचात २५, २० बाय २४ मध्ये १५, ४० बाय ६० मध्ये ५ आणि वर चार-पाच आर्टिस्ट्स प्रूफ (छायाचित्रकार आवृत्तीबाहेर स्वतःसाठी ठेवतो त्या प्रती), म्हणजे एकाच फोटोच्या पन्नास प्रती झाल्या. युरोपीय संघाच्या व्हॅट नियमांत छायाचित्र ‘कलाकृती’ ठरायचं असेल तर ते छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेलं, सही आणि क्रमांक घातलेलं असावं लागतं, आणि सगळे आकार मिळून प्रती ३० पेक्षा जास्त चालत नाहीत. तुम्ही कुठेही राहत असलात तरी ही मोजपट्टी चांगली आहे.

मर्यादा सगळ्या आकारांना मिळून लेखी नसेल तर काय होतं, याचा दाखला विल्यम एगल्स्टन या अमेरिकी छायाचित्रकाराच्या प्रकरणात आहे. त्याच्या गाजलेल्या रंगीत फोटोंच्या जुन्या डाय-ट्रान्सफर (एकेक रंग कागदावर उतरवायच्या जुन्या पद्धतीच्या) प्रती मर्यादित आवृत्तीत विकल्या गेल्या होत्या. २०१२ साली त्यातल्याच काही फोटोंच्या खूप मोठ्या डिजिटल पिगमेंट (रंगद्रव्याच्या शाईने छापलेल्या) प्रती नव्या आवृत्ती म्हणून क्रिस्टीजच्या लिलावात आल्या आणि मोठ्या भावाला गेल्या. जुन्या प्रती असलेल्या एका संग्राहकाने दावा लावला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण वेगळ्या आकाराची, वेगळ्या प्रक्रियेची प्रत ही वेगळी आवृत्ती धरली गेली. तेव्हा तीनऐवजी एक, आणि तीही पुढे सांगतो ते कागद आल्यावरच.

वारसांच्या शिक्क्याची प्रत. शिक्का म्हणजे सही नव्हे, आणि बाजार दोन्हींत मोठा फरक करतो. व्हिव्हियन मायर ही अमेरिकी छायाचित्रकार २००९ साली गेली. तिच्या निगेटिव्ह्जचा साठा त्याआधी दोन वर्षं, थकलेल्या भाड्यापायी झालेल्या सामानाच्या लिलावातून बाहेर आला होता, आणि त्यातलं बरंचसं काम तिने स्वतः कधी छापलंच नव्हतं. अशा मरणोत्तर प्रतीमागे सही असलीच तर ती साठ्याच्या मालकाची असते. तिच्या बाबतीत निगेटिव्ह एकाकडे आणि स्वामित्वहक्क कोणाचा, हा वादही न्यायालयात गेला. म्हणून शिक्का कोणी मारला, त्याला तो अधिकार कोणी दिला आणि आणखी किती प्रती निघणार, हे विचारल्याशिवाय हिला हात लावू नका. तुमच्या यादीतून मी तर ती काढूनच टाकेन.

जुनी कृष्णधवल. सहांतली सगळ्यात मोहात पाडणारी हीच, आणि सगळ्यात जास्त फसवणारीही. ‘व्हिंटेज’ म्हणजे फोटो काढल्यानंतर थोड्याच वर्षांत छापलेली प्रत. त्याच निगेटिव्हवरून तीस वर्षांनी छापलेली प्रतही अस्सलच असते, पण तिचा भाव कितीतरी कमी. त्यामुळे फोटो कधी काढला यापेक्षा प्रत कधी छापली हे विचारा. बालमजुरांचे फोटो काढणारा लुईस हाईन १९४० साली वारला. १९९०च्या दशकाअखेरीस त्याच्या नावाने विकलेल्या बऱ्याच ‘जुन्या’ प्रतींबद्दल शंका आली, आणि कागद तपासला तेव्हा त्यात १९५०च्या दशकापासून वापरात आलेली पांढरेपणा वाढवणारी रसायनं निघाली. हीच चाचणी तुम्ही अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने करू शकता. कडा आणि पाठ निळसर पांढरी चमकली तर कागद १९५० च्या आधीचा नाही. चमकली नाही म्हणून मात्र जुना ठरत नाही. ही रसायनं नसलेले कागद आजही मिळतात. सोबत लिलावगृहाकडून स्थिती-अहवाल मागवा. घड्या, कडांवरचं चंदेरी तेज, पिवळे ठिपके, मागे डिंकाने चिकटवलेला पुठ्ठा, यातलं काहीही असलं तर भाव खाली येतो. पहिल्याच खरेदीत मी इकडे वळणार नाही.

या प्रकारच्या छायाचित्रणात एक जोखीम खास आहे. डॉक्युमेंटरी फोटोला किंमत येते ती ‘हे असंच घडलं’ या विश्वासावर. २०१६ साली स्टीव्ह मॅकरी या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या काही फोटोंतले तपशील संगणकावर बदललेले आढळले, तेव्हा इतक्या मोठ्या नावालाही स्पष्टीकरण द्यावं लागलं. एकाच नावावर तीन प्रिंट्स लावू नका म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

पैशांची वाटणी अशी करा. चौदापैकी सहा महिन्यांचा खर्च आणीबाणीसाठी, लगेच काढता येईल असा. सात महिन्यांचा शिक्षणासाठी. पहिली पाच वर्षं थोडी जोखीम चालेल, शेवटच्या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ठेवीत आणा. उरलेल्या एका महिन्याच्या खर्चात प्रिंट, फ्रेम आणि पहिल्या वर्षाचा विमा हे सगळं बसलं पाहिजे. गॅलरी बिनव्याजी तीन-चार हप्ते देत असेल तर घ्या. क्रेडिट कार्डाचे हप्ते नकोत.

फ्रेमवर काटकसर करू नका, आणि फ्रेमच्या दुकानात नुसतं ‘चांगली करा’ म्हणून सोडूनही येऊ नका. आम्लमुक्त सुती माउंट, प्रिंट अडकवायला कागदी कोपरे किंवा जपानी कागदाच्या बिजागऱ्या, वर अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक. प्रिंट काचेला टेकता कामा नये. दमट हवेत प्रिंटवरचं जेलॅटिन काचेला चिकटतं आणि सोडवताना फोटोचा थर निघून येतो. गरम करून बोर्डावर चिकटवायचं दुकानदार सुचवेल, कारण त्याने फोटो सपाट दिसतो. ते केलंत की विक्रीमूल्य गेलं. भिंत बाहेरची किंवा उन्हाची नको. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत, आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी. रंगीत फोटो असेल तर सी-प्रिंटपेक्षा, म्हणजे रसायनांत धुऊन काढलेल्या रंगीत प्रिंटपेक्षा, सुती कागदावरची पिगमेंट प्रिंट घ्या, उजेडात ती जास्त टिकते. घराच्या साध्या विम्यात कलाकृती बहुधा धरत नाहीत किंवा तुटपुंज्या रकमेला धरतात; वेगळी नोंद करून किंमत आधीच ठरवून घ्या. आणि प्रिंट घेतली म्हणजे फोटोचा स्वामित्वहक्क मिळत नाही. तो छापायला देता येणार नाही.

आता गॅलरीला ईमेल लिहा. त्यात एवढं विचारा : या फोटोच्या सगळ्या आकारांत, सगळ्या प्रक्रियांत मिळून किती प्रती, आर्टिस्ट्स प्रूफ धरून; पुढे नवी आवृत्ती काढणार नाही असं छायाचित्रकार लिहून देईल का; आजवर किती विकल्या; प्रत कोणत्या साली, कोणत्या कागदावर, कोणी छापली; सही प्रिंटवर आहे की वेगळ्या चिठ्ठीवर, कारण सुटी चिठ्ठी कोणत्याही प्रतीमागे लावता येते; आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक प्रिंटमागच्या क्रमांकाशी जुळतो का. उत्तरं मुद्देसूद आली तर तिन्हींतली जी विकावीशी वाटणार नाही ती घ्या, आणि पावती, प्रमाणपत्र व हा पत्रव्यवहार एकाच फाइलमध्ये, फ्रेमपासून वेगळा ठेवा. ‘आवृत्ती मर्यादित आहे, काळजी नसावी’ एवढंच उत्तर आलं, तर पैसे भरू नका.