आम्लारी कण? मग नवसागराचं काय?

प्रश्न आलाय: 'शहरातल्या हवेत आम्लारी कण खेड्यापेक्षा जास्त असतात, असं वाचलं. आम्लारी म्हणजे आम्ल असलेले ना?'

नाही हो, बरोबर उलटं! आम्ल + अरि, आम्लाचा शत्रू. चुना, सोडा, अमोनिया ही ती मंडळी. मुरारी म्हणजे मुर राक्षसाचा वैरी, 'मुर असलेला' नव्हे. पण पुजारी-भिकारीच्या चालीवर कान फसतो, आणि 'आम्लारी धूर' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. 'आम्लयुक्त कण' म्हणा.

गंमत खरी त्या वैऱ्यात आहे. १८५२ साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथनं मँचेस्टरची हवा नि पाऊस तपासला. भर शहरात सल्फ्युरिक आम्ल, उपनगरात अमोनियम सल्फेट, लांब शेतांकडे अमोनियम कार्बोनेट. शहरात कोळशाचा धूर उदंड, ज्यातून अमोनिया सुटतो ते शेणमूत कमी. गावाकडे जावं तसा अमोनिया आम्लाला गाठतो नि दोघांचं मीठ होतं.

त्याच जातीचं मीठ आपल्याकडे नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापल्या पातेल्यात चिमूटभर टाकून कापसाचा बोळा फिरवायचा, भसकन पांढरा धूर यायचा, नाक झोंबायचं. उष्णतेनं अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटे होतात, गार हवेत पुन्हा बिलगतात. तो धूर म्हणजे ह्याच मिठाचे बारीक कण! (हातभट्टीनं बिचाऱ्याचं नाव घालवलं, ते सोडा.)

आता हा शब्द 'नव सागरांतून आलेला' असं ठोकून देणाऱ्यांना माझा दंडवत. फारसीत नौशादर आहे, हिंदीत नौसादर, तोच आपल्याकडे येऊन सागर झाला. मीठ म्हटलं की समुद्र आठवणारच, जिभेनं ओळखीचा शब्द पकडला, असा माझा तर्क. संस्कृताभिमानी लगेच 'नवसार' पुढे करतात. पण रसग्रंथांत (पारा-धातूंच्या औषधांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत) नरसार, नवसार, नवसादर अशी किती रूपं सापडतात! घरच्या शब्दाची इतकी ओढाताण होत नाही, पाहुण्याचीच होते. कोशात लिहिलंय म्हणून मी ऐकणार नाही.

हां, खेड्याचं राहिलंच. तिथे गोठे, उकिरडे, युरिया, म्हणजे आम्लारी भरपूर. तेव्हा 'आम्लारी शहरात जास्त' हे वाक्य शब्दानं चुकलंच, रसायनानंही चुकलं.